सही लागत नाही

कमळाकर हेल्मेटचा पट्टा लावत होता, तेव्हा चंद्रावतीने त्याला सांगितलं. डबा त्याच्या हातात दिला, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "मना दिवस गेलेत."

हेल्मेटमुळे आपल्याला नीट ऐकू आलं नसेल, असं त्याला वाटलं. "काय?"

"दिवस गेलेत म्हणते. काल तपासला. दोन रेघा आल्या."

घरात तिसरं कुणी नव्हतं. मुलगा निकेश पुण्याला शिकायला होता. मुलगी भाविका गेल्या वर्षी लग्न होऊन उरणला गेली होती आणि तिला आता पाचवा महिना सरत आला होता. डिसेंबरात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. कमळाकर अठ्ठेचाळीस वर्षांचा, चंद्रावती त्रेचाळीस. घरात दोघंच, तरी कमळाकरने आधी दाराबाहेर पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. मग "बरं" म्हणाला आणि गाडी चालू केली.

कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याला कळलंही नाही, की आपण 'बरं' म्हणालो. कळलं तेव्हा ब्रेक दाबावासा वाटला. दाबला नाही.

करंजाड्याहून द्रोणागिरीला पोचायला पाऊण तास. तिथे कंटेनरच्या एका यार्डात तो वजनकाट्यावर होता. ट्रेलर काट्यावर चढायचा, आकडा स्थिर व्हायचा, कमळाकर पावती काढायचा, ट्रेलर उतरायचा. बारा वर्षं हेच. वडिलांची भातशेती होती, थोडं मिठागर होतं. ते सरकारने नव्या वसाहतीसाठी घेतलं आणि तिथे आता सात-सात मजली इमारती होत्या. त्याबद्दल कमळाकरने कधी कुरकुर केली नाही. गावात त्याला शांत माणूस म्हणत. कुणाशी भांडण नाही, चढा आवाज नाही. घरातही तसाच. काय चाललंय हे तो सहसा विचारत नसे, आणि न विचारता बरंचसं होऊन जाई.

त्या दिवशी मात्र त्याला केबिनमध्ये बसवेना. तीनदा चहाला उठला आणि तिन्ही वेळा अर्धा टाकून आला. दुपारी एका ट्रेलरची मागची चाकं काट्याबाहेर असतानाच त्याने पावती काढली. ड्रायव्हर खाली उतरून ओरडायला लागला. दुसऱ्या खिडकीवरचा शैलेश, त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान सहकारी, मधे पडला.

"दादा, झालंय काय तुम्हाला? भाविका बरी आहे ना?"

भाविकाचं नाव ऐकून कमळाकरने हातातली पावती चुरगळली. डिसेंबरात मुलगी बाळंत होणार. आणि त्यानंतर चार महिन्यांनी तिची आई? गावातल्या बायका काय बोलतील? जावई काय म्हणेल? एखाद्या हळदीत कुणीतरी दोन घोट पोटात गेल्यावर माइक हातात घेऊन बोलेल, की आमचा कमळाकर एकाच वर्षात बाप आणि आजा. सगळे हसतील. त्याला ते हसणं आत्ताच ऐकू येत होतं.

तो कंटेनरच्या मागे गेला आणि मोबाइलवर शोधून नवीन पनवेलच्या एका दवाखान्यात फोन लावला. पलीकडच्या मुलीने विचारलं, "पेशंटचं वय?" त्याने फोन कापला. पाच मिनिटांनी पुन्हा लावला आणि दुसऱ्या दिवशीची अकराची वेळ घेतली.

संध्याकाळी घरी आला तो बूट न काढताच स्वयंपाकघरात शिरला. चंद्रावती भेंडी चिरत होती.

"उद्या अकराला डॉक्टरीणबाईची वेळ घेतलीय. लवकर असला तर गोळ्यांनी होतो म्हणे. मी येतो संगती. सही लागंल माझी."

"उद्या नको."

"मग कधी?"

"मना विचार करू दे."

"यात विचार काय करायचा हाय?"

चंद्रावतीने सुरी थांबवली. "तुमी केला नाय म्हणून मीपण करायचा नाय का?"

कमळाकरने पायातले बूट काढले. तो गच्चीवर गेला. पाऊस थांबलेला होता, गच्चीत पाणी साचलं होतं आणि नाल्याच्या तोंडाशी पानं अडकली होती. त्याने ती काढली. पाणी निघून गेलं तरी तो झाडू घेऊन कोरडी फरशी झाडत राहिला.

*

असं का झालं, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं, म्हणूनच तो एका जागी बसू शकत नव्हता.

निकेशच्या वेळी चंद्रावतीचं सिझर झालं होतं. टाके पिकले, अंगात रक्त कमी, महिनाभर ती उठू शकली नव्हती. तेव्हाच्या डॉक्टरांनी कमळाकरला बाहेर बोलावून सांगितलं होतं, "दोन मुलं झाली. हिच्यावर इतक्यात पुन्हा शस्त्रक्रिया नको. तुम्ही नसबंदी करून घ्या. पुरुषाचं सोपं असतं, संध्याकाळी घरी." घरी येऊन कमळाकरने ते आईला सांगितलं. आई तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं. "आमच्या घरातला बाप्या कापून घेत नाय," ती म्हणाली. मोठी बहीण मालू तेव्हा माहेरी आली होती, तिनेही मान डोलावली. कमळाकर दाराला टेकून उभा होता. तो काही बोलला नाही, आणि मनातून त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं.

मग चंद्रावतीने तांबी बसवून घेतली. त्यामुळे अंगावरून इतकं जायला लागलं की ती काढावी लागली. मग गोळ्या. गोळ्यांनी डोकं दुखायचं, पुढे बीपी निघालं. मग तीन-तीन महिन्यांची इंजेक्शनं. कधी काय चालू होतं, हे कमळाकरला सांगता आलं नसतं. तिचं ती बघते, एवढंच त्याला माहीत. गेल्या वर्षीपासून तिची पाळी मागेपुढे व्हायला लागली आणि तिने इंजेक्शनं बंद केली. "जायला आली वाटते," ती म्हणाली होती. "पण अजून जपून राहा." त्यावर आपण काय म्हणालो होतो, ते कमळाकरला शब्दन् शब्द आठवत होतं. दिव्याच्या बटणावर हात ठेवून तो हसत म्हणाला होता, "आता या वयात काय होतंय!"

तीन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. चौथ्या दिवशी सकाळी चंद्रावती नेसून तयार होऊन बाहेर आली. "चला. डॉक्टरकडं जाऊ. मना आधी तिच्याशी बोलायचा हाय."

*

नवीन पनवेलच्या त्या दवाखान्यातल्या डॉक्टर ताहिरा पन्नाशीच्या होत्या, मूळच्या जुन्या पनवेलातल्या. डोक्यावर ओढणी, चष्मा गळ्यात अडकवलेला. त्यांनी चंद्रावतीला आत घेतलं आणि कमळाकर मागोमाग निघाला तशा हात पुढे करून म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही दहा मिनिटं बाहेर बसा."

दहा मिनिटांची चाळीस झाली. बाहेर पोटुशा मुली, त्यांच्या सासवा, एक-दोन तरुण नवरे मोबाइलवर. कमळाकरला वाटलं सगळे आपल्याकडेच बघताहेत. समोरच्या म्हाताऱ्या बाईने विचारलं, "मुलीला घेऊन आलात?" "हो," तो म्हणाला, आणि उठून जिन्यात जाऊन उभा राहिला.

शेवटी त्याला आत बोलावलं. चंद्रावतीचे डोळे लाल होते, पण चेहरा नेहमीचाच.

"सात आठवडे झालेत," डॉक्टर म्हणाल्या. "बीपी वाढलेलं आहे. या वयात बाळंतपण जोखमीचं आहे, अशक्य नाही. काढायचं म्हटलं तर नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी होतं. म्हणजे विचार करायला आठवडाभर आहे. मी दोन्ही बाजू ताईंना समजावल्यात."

"विचार झालाय," कमळाकर म्हणाला. "कुठं सही करायची सांगा."

"तुमची सही लागत नाही."

"मी नवरा हाय तिचा."

"माहीत आहे. पण बाई सज्ञान आहे. कायद्याने तिचीच संमती लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही, कुणाची नाही. तिने ठेवायचं म्हटलं तर तुम्ही काढा म्हणू शकत नाही, आणि तिने काढायचं म्हटलं तर तुम्ही अडवू शकत नाही."

कमळाकरने खिशातून काढलेलं पेन परत खिशाला लावलं. आयुष्यभर सगळीकडे त्याचीच सही चालत आली होती. मुलांच्या शाळेत, बँकेत, घराच्या कागदांवर. "म्हणजे माझा काहीच नाय का त्याच्यात? अर्धा तर माझाच हाय ना?"

ताहिरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्या रागावल्या नाहीत. "तुमचं मत आहे ना. ते सांगा तिला, जरूर सांगा. तिनेही ऐकावं. पण मत देणं वेगळं आणि हुकूम देणं वेगळं. आणि अर्ध्याचं म्हणाल, तर मला एक सांगा भाऊ. निकेशनंतर एकोणीस वर्षं झाली. त्यातलं अर्धं तुम्ही काय केलंत?"

कमळाकर खुर्चीतून उठला. पुन्हा बसला. भिंतीवर गर्भाच्या वाढीचं चित्र होतं, त्याने ते बघायचं टाळलं. चंद्रावती पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

परतताना गाडीवर ती मागे बसली होती. नेहमी त्याच्या खांद्यावर हात ठेवायची, आज तिने मागची कडी धरली होती.

*

पुढचे दोन दिवस कमळाकरने सुट्टी टाकली आणि घरीही थांबला नाही. सकाळी निघायचा, वडाळे तलावाला चकरा मारायचा. चालणारे लोक दोन फेऱ्या मारून जायचे, हा सहा मारायचा. डॉक्टरचा राग यायचा. मग स्वतःचा यायचा. मग पुन्हा डॉक्टरचा.

दुसऱ्या दिवशी तलावाच्या कठड्यावर बसला असताना भाविकाचा फोन आला. "बाबा, कुठे आहात? आई फोन उचलत नाही. बाबा, आज बाळ हललं! डॉक्टर बोलले होते आता हलेल म्हणून. असं आतून कुणी टिचकी मारल्यासारखं. आईला असं व्हायचं का हो माझ्या वेळी?"

"विचारून सांगतो," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्याला जाणवलं, की भाविका पोटात असताना आपण कधी विचारलंच नव्हतं. ती जन्मली तेव्हा तो कामावर होता. निकेशच्या वेळी बोलावणं आलं तेव्हा तो पेणला क्रिकेटच्या सामन्यात होता, आणि सामना संपवूनच आला होता. दोन्ही मुलं त्याला आंघोळ घालून, दुपट्यात गुंडाळलेली मिळाली.

कमळाकर उठून पुन्हा चालायला लागला आणि चालता चालता त्याच्या डोक्यात भलतंच सुरू झालं. ठेवलं तर? लोक हसतील, हसू देत. या वेळी पहिल्यापासून आपण सगळं करू. दवाखान्यात जाऊ, रात्री उठू, शी-शू काढू. निकेशची खोली रिकामीच आहे. फोनवर त्याने बाळंतपणाची तारीख मोजली. नऊ एप्रिल. ती तारीख दिसल्यावर त्याला हसू आलं, आणि आपण हसतोय हे कळून तो जवळजवळ पळतच गाडीकडे गेला.

चंद्रावती ओट्याशी होती. तो धापा टाकत म्हणाला, "ठेवूया. मी बघीन सगळा. खरंच. तुला काय करायला लागणार नाय."

ती वळली. आधी तिला हसू फुटलं, आणि ते हसू मधेच तुटलं.

"काय करायला लागणार नाय? नऊ म्हैने तुमी पोटात ठेवणार? बीपी तुमचा वाढणार? पुन्हा फाडायचा झाला तर तुमचा पोट फाडणार?"

"तसा नाय गं…"

"शुक्रवारी बोललात काढ. आज बोलता ठेव. तुमची मर्जी फिरली की माझा पोट फिरायचा?" तिचा आवाज इतका चढला की तिनेच जाऊन खिडकी लावली. मग ती ओट्याला टेकून खाली बसली. "मी पहिल्याच दिवशी ठरवला होता. मना नकोय. माझ्या अंगात ताकद नाय आता. पोरीचा बाळंतपण करायचा हाय मना. आणि त्या पलीकडं… चोवीस वर्षं झाली, मना थोडी मोकळी राहायचा हाय."

कमळाकर चक्रावला. "मग विचार करू दे का बोललीस? पाच-सहा दिवस जीव टांगला माझा."

"तुमी सांगितलात, विचारला नाय. त्याच वेळी हो म्हटला असता तर ते तुमचा ठरवणं झाला असता. मग पुढं कधी वाईट वाटला असता, तर मी तुमच्यावर ढकलला असता. माझा मीच ठरवलेला असू दे."

तो तिच्यासमोर फरशीवर बसला. बाहेर कुणाचातरी कुकर शिट्ट्या देत होता.

"मना ठेवावासा वाटला होता," कमळाकर हळूच म्हणाला. "एवढाच सांगायचा होता."

"सांगितलात ना. ऐकला मी." उठता उठता ती म्हणाली, "वाईट मनापण वाटतो. तेवढा तरी दोघांचा हाय."

*

पहिली गोळी तिने दवाखान्यातच घेतली. दुसऱ्या गोळ्या दोन दिवसांनी घरी घ्यायच्या होत्या. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं: पोटात कळा येतील, रक्त जाईल. तासाला दोनपेक्षा जास्त पॅड भिजायला लागले किंवा चक्कर आली, तर लगेच फोन. हे सगळं कमळाकरने वहीच्या पानावर लिहून घेतलं आणि पुन्हा वाचून दाखवलं.

त्या दिवशी सकाळी आठपासून तो घड्याळाकडे बघत होता. दुपारी कळा सुरू झाल्या. चंद्रावती पोटाशी पाय घेऊन भिंतीकडे तोंड करून निजली. तो गरम पाण्याची पिशवी भरून आणत होता, थंड झाली की पुन्हा भरत होता. तिला उलटी झाली, ती त्याने पुसली. तिचे कपडे मोरीत धुताना पाणी लाल झालं आणि त्याचे हात थांबले. थोड्या वेळाने त्याने नळ मोठा सोडला. मग तांदळाची पेज लावली, ती उतू गेली.

नेमकी त्याच वेळी त्याची बहीण मालू आली. तिचं घर दोन गल्ल्यांपलीकडे. तिने कमळाकरच्या हातात डाव पाहिला आणि उंबऱ्यातच थांबली.

"चंद्रा कुठं गेली? आणि तू काय करतंस?"

"पेज. ती आजारी हाय."

"काय झाला तिला?" मालू आतल्या खोलीकडे निघाली. कमळाकर दारात आडवा झाला. बहिणीला त्याने आयुष्यात कधी अडवलं नव्हतं.

"नको जाऊ ताई. झोपलीय. तिला वाटला तर ती सांगंल तुला. माझ्याकडून चूक झाली आणि ती भोगतेय, एवढाच समज." मग तो म्हणाला, "आणि मी नसबंदी करून घेणार हाय. पुढल्या म्हैन्यात."

मालूला सगळं कळलं असावं. तिने तोंडावर पदर धरला. "या वयात? आई असती तर…"

"आई होती तेव्हाच करायला पायजे होती."

मालू आल्या पावली निघून गेली. कमळाकर डाव हातात घेऊन उभाच होता. आतून चंद्रावतीचा आवाज आला, "करपतेय ती. गॅस बंद करा."

*

पंधरा दिवसांनी सोनोग्राफी झाली, सगळं नीट झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर चंद्रावतीने विचारलं, "ते मालूताईंना बोललात ते खरा का?"

"खरा."

"माझ्यावर उपकार म्हणून करत असाल तर करू नका. आयुष्यभर ऐकवाल."

"उपकार नाय. माझी बारी होती. उशिरा आली."

ऑक्टोबरात तो सरकारी दवाखान्यात गेला. सकाळपासून तो तीनदा लघवीला जाऊन आला, तरी त्याला पुन्हा जावंसं वाटत होतं. फॉर्म भरून घेणारी नर्स रुचिरा तिशीची, बोलकी. तिने वय, मुलं, शेवटचं मूल कितीचं हे लिहून घेतलं. एकोणीस ऐकून तिने मान वर केली, पण काही विचारलं नाही.

"बायकोची सही आणायची होती का?" कमळाकरने विचारलं.

"नाही काका. तुमचं शरीर, तुमचीच सही."

त्याने पेन हातात घेतलं आणि क्षणभर तसंच धरून ठेवलं. मग सही केली.

शस्त्रक्रिया वीस मिनिटांत झाली. भूल दिल्याची सुई टोचली, पुढे थोडं ओढल्यासारखं वाटलं. टाकासुद्धा नाही. रुचिराने बजावलं, "आठवडाभर जड उचलायचं नाही. आणि लगेच मोकळं समजू नका. तीन महिने काळजी घ्यायची, मग तपासणी, रिपोर्ट आला की मग." कमळाकर टेबलावर पडल्या पडल्या छताकडे बघत होता. या वीस मिनिटांसाठी एकोणीस वर्षं घालवली, हे त्याच्या मनातून जाईना. चंद्रावती बाहेर बाकावर बसली होती. तो पाय फाकवून चालत आला, तशी ती खूप दिवसांनी मनापासून हसली.

यार्डात त्याने शैलेशला आधीच खरं काय ते सांगून टाकलं होतं, कारण आठ दिवस सुट्टी कशाला हवी हे सांगावंच लागलं असतं. शैलेश हसला. तो कामावर परतल्यावर दोन दिवस काट्यावर त्याच्या नावाने थट्टा चालली. कुणी त्याच्या खुर्चीवर उशी आणून ठेवली. कमळाकर त्या उशीवर बसला. तिसऱ्या दिवशी थट्टा आपोआप थांबली.

डिसेंबरात भाविका बाळंत झाली, मुलगी झाली. जानेवारीत कमळाकरचा रिपोर्ट आला. तो त्याने चंद्रावतीला वाचून दाखवला, तेव्हा तिच्या पायांवर नातीला न्हाऊ घालणं चाललं होतं. "बरा झाला," ती म्हणाली. "तेवढा टॉवेल द्या." भाविकाला आईने सगळं सांगितलं होतं की नाही, हे कमळाकरला कळलं नाही. पण फेब्रुवारीत सासरी जाताना ती त्याच्या पाया पडली आणि उठून, लहानपणी मारायची तशी त्याला मिठी मारली.

सगळं सुरळीत झालं, असं मात्र म्हणता येणार नाही. चंद्रावती मधेच हातातलं काम थांबवून बसायची. कमळाकर विचारायचा, "काय झाला?" ती म्हणायची, "काय नाय." पूर्वी त्याला ते पुरलं असतं. आता तो तिथेच घुटमळायचा, खुर्ची इकडची तिकडे करायचा, पुन्हा विचारायचा. कधी ती सांगायची, कधी चिडायची. "सगळाच सांगायचा असतो का?" मग तो गप्प बसायचा, पण उठून जायचा नाही. झोप त्याला पहिल्यासारखी लागत नव्हती ती नव्हतीच.

नऊ एप्रिलला त्याने सुट्टी घेतली. कारण सांगितलं नाही. सकाळभर तो अंगणात मोटरसायकल धूत होता. एकदा धुतली, पुसली, पुन्हा पाणी मारलं. चंद्रावती दारात आली.

"आज कामावर नाय गेलात?"

"नाय."

ती थोडा वेळ ओल्या गाडीकडे बघत राहिली. "मग चला, करंज्याला बंदरावर जाऊ. ताजी मासळी बघू."

ऊन चढलं होतं. द्रोणागिरीपर्यंतचा त्याचा रोजचाच रस्ता. यार्डावरून जाताना काट्यावर ट्रेलरची रांग लागलेली दिसली, पण तो थांबला नाही. करंजा बंदराला बोटी लागल्या होत्या, बर्फाच्या गाड्या उभ्या होत्या, कोळणींचा ओरडा चालू होता. चंद्रावतीने दोन ठिकाणी घासाघीस केली आणि घेतलं काहीच नाही. मग ती धक्क्याच्या कडेला, जिथे जाळी वाळत घातली होती तिथे, जाऊन उभी राहिली. कमळाकर मागोमाग गेला.

"चंद्रा, आज…"

"मना पण म्हायती हाय तारीख," ती समुद्राकडे बघत म्हणाली. "मी पण मोजली होती."

एक बोट धक्क्याला लागत होती. वरच्या माणसाने दोर फेकला. कमळाकरने पुढे होऊन तो झेलला आणि खुंट्याला गुंडाळायला लागला. त्याला नीट जमत नव्हतं. चंद्रावतीने पिशवी खाली ठेवली आणि दोराचं दुसरं टोक धरलं.